जिजीच्या न्हाणीतली फरशी

आमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, आम्ही छापतो, असं मला सांगण्यात आलं. चाळीस वर्षं मी बीड जिल्ह्यात फरशी बसवली. गेवराईत घर, अन् काम मिळेल तिथं बिऱ्हाड. आता गुडघे धरतात म्हणून स्वतः बसून काम करत नाही. उभा राहून दुसऱ्यांच्या चुका काढतो. तेव्हा गमती पुष्कळ आहेत.

एक रिटायर मास्तर होते. त्यांच्या हॉलचं काम चालू असताना रोज संध्याकाळी खिशातून काचेची गोटी काढायचे, फरशीवर ठेवायचे अन् कमरेवर हात ठेवून बघत राहायचे. गोटी जरा हलली की म्हणायचे, "मिस्त्री, ही ओळ उचला." तीन दिवस मी ओळी उचलल्या. चौथ्या दिवशी गोटी जागची हलली नाही, तेव्हा मास्तरांचंच तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी ते मोठी गोटी घेऊन आले.

मास्तरांचं म्हणणं हॉलपुरतं बरोबर होतं. हॉलची फरशी पाण्यासारखी सपाट पाहिजे. न्हाणीचं वेगळं असतं. तिथं फुटामागे दोन सूत, म्हणजे पाव इंच, उतार द्यावा लागतो, तोही बरोबर जाळीच्या दिशेनं. उतार चुकला की पाणी कोपऱ्यात साचतं, साचलं की शेवाळ धरतं, साबणाचा थर बसतो, अन् मग पाय सरकतो. हे मला माझ्या उस्तादांनी पहिल्याच वर्षी शिकवलं. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. मला कोयता धरायचा नव्हता म्हणून मी उस्तादांच्या हाताखाली लागलो. ते न्हाणीचं काम झालं की चप्पल काढायचे, फरशीवर बादलीभर पाणी ओतायचे अन् ओल्या पायांनी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालायचे. त्याशिवाय घरमालकाच्या ताब्यात न्हाणी द्यायचे नाहीत.

त्या काळी शहाबादी फरशी होती. खरबरीत, काळपट, तिच्यावर पाय धरून राहायचा. पुढे चकचकीत टाइल आल्या. मोठमोठ्या, आरशासारख्या. लोकांना वेड लागलं. मलाही लागलं. दोन टाइलमधली फट दिसू नये, वरचा पंखा खाली दिसावा, असं काम मी करायचो. "गेवराईच्या दत्ता मिस्त्रीच्या फरशीत तोंड बघून भांग पाडता येतो," असं लोक म्हणायचे अन् मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. उस्ताद वारले होते. ओल्या पायांनी चालून बघायची सवय कधी सुटली ते मला सांगता येणार नाही.

मांजरसुंब्याला एका ढाब्यात मी तसलीच फरशी बसवली. उद्घाटनाच्या दिवशी वेटर शेवभाजीची ताटली घेऊन निघाला अन् गिऱ्हाइकाच्या टेबलापर्यंत घसरतच पोचला. ताटली सांडली नाही, हे विशेष. मालकानं आठ दिवसांत सगळीकडे गोणपाट अंथरलं. ही गोष्ट मी पुढे कितीतरी लग्नांत रंगवून सांगितली. लोक पोट धरून हसायचे. त्या वेटरच्या जागी एखादी म्हातारी असती तर, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगतो. ही गंमत नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी उमापूरला अण्णांच्या बंगल्याचं काम मी घेतलं. अण्णा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, बागायतदार, एकदा पंचायत समितीवर निवडून गेलेले. घरात अण्णा, त्यांची बायको, जिला मी वहिनी म्हणायचो, अन् अण्णांची आई. तिला सगळं गाव जिजी म्हणायचं. मुलं पुण्याला.

जिजीचं वय तेव्हा ऐंशीच्या आसपास. अंगानं काटक. रोज सकाळी आंघोळ करायची, भाकरी फडक्यात बांधायची अन् मैलभर लांब असलेल्या मळ्यात चालत जायची. तिथं काही करायची गरज नव्हती, गडीमाणसं होती. तरी कापसाच्या ओळीतून फिरायची, चार बोंडं वेचायची, गड्यांना बोल लावायची अन् दुपारी परत यायची. परत येताना आमच्या कामावर थांबायची. विटांच्या थप्पीवर टेकायची नाही. उभी राहूनच बघायची.

एक दिवस मी तिच्या खोलीला लागून असलेल्या न्हाणीचं माप घेत होतो. तिथं ती आली.

"मिस्त्री, हितं काय टाकनार हाईस?"

"वहिनींनी पसंत केलीय ती पांढरी टाइल, जिजी. भिंतीला निळी, खाली पांढरी."

"चकचकीत?"

"एकदम."

ती आत आली, माझ्या दंडाला धरून बसली अन् खालचा सिमेंटचा कोबा हातानं चाचपून बघितला. "हे बग, मला म्हाताऱ्या मानसाला चकचकीत कशाला? माझ्या न्हानीत खरबडी फरशी टाक. जुन्या घरात व्हती तसली. पाय धरला पायजे."

"टाकतो जिजी."

"इसरू नको."

"न्हाई इसरत."

हे बोलणं एवढंच. आम्ही दोघंच होतो. मी विसरलो नव्हतो, हे आधी सांगून टाकतो. संध्याकाळी मी अण्णांकडे विषय काढला. ते फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "मिस्त्री, साऱ्या बंगल्यात एकसारखं पायजे. एका खोलीत शहाबादी दिसली तर पाव्हणे काय म्हणतील?" मी म्हणालो, "बरं." खरबरीत टाइलही मिळतात, पांढऱ्या रंगातही मिळतात, बीडला दुकानात आहेत, हे मला ठाऊक होतं. मी ते बोललो नाही. कारण मलाही वाटत होतं, साऱ्या बंगल्यात एकसारखं चमकावं. माझं नाव होणार होतं. काम संपता संपता अण्णांच्या मोठ्या पाहुण्यांनी फरशी बघितली अन् त्यांच्या घरांचं काम मलाच द्यायचं कबूल केलं.

वास्तुशांतीला जिजी न्हाणीच्या दारात उभी होती. तिनं आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी जेवायला वाढणाऱ्यांच्यात जाऊन मिसळलो.

अडीच महिन्यांनी ती त्या न्हाणीत पडली. सकाळी आंघोळीच्या वेळी. पाय सरकला तेव्हा तिनं भिंतीवरचा टॉवेलचा दांडा धरला. तो दांडा मीच बसवलेला, प्लॅस्टिकच्या गट्टूत दोन बारके स्क्रू. टॉवेलचं वजन पेलायला तेवढं पुरतं. माणसाचं नाही. दांडा हातात आला अन् ती कुशीवर आपटली. दार आतून बंद, अन् आत उघडणारं, त्याला टेकूनच ती पडलेली. त्यामुळं दार ढकलायची सोय नव्हती. खिडकीचे गज कापून माणूस आत सोडावा लागला. खुब्याचं हाड मोडलं होतं. बीडला दवाखान्यात नेऊन ऑपरेशन केलं.

मला चौथ्या दिवशी कळलं. मी मोटारसायकल काढली अन् उमापूरला गेलो. अण्णा दवाखान्यातून कपडे बदलायला आलेले, पोर्चमध्ये बसले होते. दाढी वाढलेली. मला न्हाणीत घेऊन गेले. फरशी कोरडी होती, लखलखत होती. कोपऱ्यात तो दांडा पडलेला.

"मिस्त्री, खरं सांग," ते म्हणाले, "ही फरशी निसरती हाय का?"

त्यांच्या पाहुण्यांच्या दोन घरांची कामं चालू होती. हो म्हणालो तर ती जातील, गावोगाव होईल की दत्ता मिस्त्रीच्या फरशीवर म्हातारी पडली. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मी म्हणू शकत नाही. वेळ मिळाला होता.

मी म्हणालो, "अण्णा, हीच फरशी कितीतरी घरात हाय. कोन पडलं का? जिजीला चक्कर आली आसंल. या वयात येतीच चक्कर. आता तिला एकटं हिंडू देऊ नका."

अण्णांनी मोठा श्वास सोडला. त्यांना बरं वाटलं, ते मला दिसलं. सगळीकडे एकसारखी फरशी त्यांनीच मागितली होती. "तेच म्हणत व्हतो मी," ते म्हणाले. "चक्करच आसंल."

ते बाहेर गेल्यावर मी गट्टू भिंतीच्या भोकांत परत ठोकले अन् तो दांडा परत जागेवर बसवला. तसाच. त्याच गट्टूत.

माझा तो एक शब्द त्या घरात राहायला गेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुसऱ्या दिवसापासून उभं करा, वॉकर धरून चालवा. चकरेच्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. पण घरी आल्यावर सगळ्यांच्या मनात एकच, जिजीला चक्कर येते. परत पडली तर? वहिनींनी जीव लावून केलं, त्यांना दोष नाही. खाट खिडकीजवळ आणली. सगळं जागेवर दिलं. जेवण जागेवर, आंघोळ ओल्या फडक्यानं जागेवर, बाकीचंही जागेवर. जिजी पाय खाली सोडायला लागली की कुणीतरी धावायचं, "जिजी, उठायचं न्हाई." वॉकर कपाटामागे गेला.

हे मी ऐकून होतो. सहा महिने त्या बाजूला फिरकलो नाही. मग अण्णांचा निरोप आला, अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्याला टाइल लावायची आहे. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. गेलो. काम करत असताना खिडकीतून आवाज आला.

"कोन हाय? मिस्त्री हाय का? त्याला आत बोलवा."

आत गेलो. मी जिजीला ओळखलं नसतं. तोंड तेच होतं, पण चादरीखाली पाय असे, की चादर नुसती पसरून ठेवल्यासारखी वाटत होती. वहिनी उशाला बसून संत्रं सोलत होत्या.

"मिस्त्री, तू सांग हिला," जिजी म्हणाली. आवाज खणखणीत होता. "मला चक्कर आली न्हवती. माझा पाय सरकला. सहा महिने सांगती मी, पन कोनी ऐकत न्हाई. म्हनतात, तुला आठवत न्हाई. अरं, मला समदं आठवतंय. मी तुला काय म्हनलं व्हतं? माझ्या न्हानीत खरबडी फरशी टाक म्हनलं व्हतं का न्हाई? सांग."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. त्या डोळ्यांनी मला खूण करत होत्या, की म्हाताऱ्या माणसाचं मनावर घेऊ नका.

मी म्हणालो, "मला काय आठवत न्हाई, जिजी."

जिजीनं माझ्याकडे नीट बघितलं. वास्तुशांतीला बघितलं होतं तसंच. मग तोंड भिंतीकडे केलं. वहिनी हळूच म्हणाल्या, "बगा, आसंच चालू आसतं दिवसभर." मी बाहेर येऊन कट्ट्याच्या उरलेल्या टाइल लावल्या. त्या वाकड्या लागल्या. उचलून परत लावल्या.

खोटं बोलणं एक, अन् धडधाकट डोक्याच्या माणसाला त्याच्या तोंडावर वेडं ठरवणं दुसरं. पहिलं मी भीतीनं केलं. दुसरं का केलं, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. पहिलं झाकायला, एवढंच म्हणता येईल. घरी आलो तर बायको म्हणाली, "जेवत कावून न्हाईत?" मी म्हणालो, पित्त झालंय.

यानंतर तीनेक महिन्यांनी गेवराईत एका घरी मला बोलावणं आलं. तिथल्या आजोबांना लकव्यानंतर चालायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडम होत्या. वय तिशीचं, स्कूटीवर गावोगाव फिरायच्या. त्यांना न्हाणीत अन् संडासात धरायचे दांडे बसवून हवे होते.

मी माझ्या सवयीनं छिद्राचं यंत्र काढलं. मॅडम म्हणाल्या, "थांबा मिस्त्री. आधी आजोबांना उभं करू. हात कुठं जातो ते बघा, अन् तिथं दांडा लावा. आणि टॉवेलच्या दांड्यासारखा नको. पूर्ण माणूस लोंबकळला तरी निघता कामा नये."

मी मान खाली घालून विटेपर्यंत छिद्र पाडलं, लोखंडी फास्टनर ठोकले. मॅडम स्वतः दांड्याला लटकून बघत होत्या. बघता बघता बोलत होत्या. म्हातारी माणसं पडतात त्याला वय एकटं कारणीभूत नसतं, म्हणाल्या. निसरडी फरशी, सैल पायपुसणं, अंधारा बोळ, उंच उंबरा, झिजलेली स्लीपर, डोळ्यांचा जुना नंबर, झोपेच्या गोळ्या. यातलं बरंचसं एका दिवसात दुरुस्त होतं. अन् दुसरं म्हणजे पायातली ताकद. "लोक काय करतात, एकदा पडलं की माणसाला बसवून ठेवतात. काळजीपोटीच करतात. पण बसून राहिलं की पाय बारीक होतात, तोल जातो, अन् मग माणूस खरंच पडतो. खुर्चीतून दहा वेळा उठबस करायला लावा, ओट्याला धरून टाचा वर करायला लावा, रोज थोडं चालवा. त्यानं माणूस पायावर राहतो."

मग सहज म्हणाल्या, "इकडं उमापूरला एक आजी आहेत. मागच्या आठवड्यात मला बोलावलं होतं. हाड छान जुळलंय. चालायला पाहिजेत. पण घरचे उभंच राहू देत नाहीत, चक्कर येते म्हणतात. मी तासभर होते, मला तर चक्कर कुठं दिसली नाही. आजी म्हणतात पाय सरकला. कुणी विश्वास ठेवत नाही हो त्यांच्यावर. अजून दोन-तीन महिने अशाच राहिल्या तर मग माझ्या हातातही काही राहणार नाही."

माझ्या हातातलं यंत्र चालूच राहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, "मिस्त्री, बंद करा ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उमापूरला गेलो. अण्णांच्या पोर्चमध्ये चार माणसं चहा पीत बसली होती. मी म्हणालो, "अण्णा, आत चला. जिजीसमोर बोलायचंय." ते हसले. म्हणाले, "आसं काय काम हाय बे?" माझ्याकडे बघून त्यांचं हसणं थांबलं. आत आले. वहिनीही आल्या.

मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. बसा म्हणाले, बसलो नाही. जे झालं ते ओळीनं सांगितलं. जिजीनं खरबरीत फरशी मागितली होती. मी हो म्हणालो होतो. तशी टाइल बीडला मिळत होती अन् मी सांगितलं नाही. दांडा कच्चा होता. चक्कर हा शब्द माझा, मी मनानं काढलेला. अन् सहा महिन्यांनी याच खोलीत आठवत नाही म्हणालो, तेव्हा मला सगळं आठवत होतं.

अण्णा खाटेच्या कडेवर बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "तवाच कावून न्हाई बोललास?"

"कामं जातील म्हनून भ्यालतो."

वहिनी पदर तोंडाला लावून भिंतीला टेकल्या. "मी त्यांना रोज खोटं पाडलं," एवढंच म्हणाल्या. "रोज."

मी जिजीकडे बघत होतो. वाटलं होतं, ती शिव्या देईल. द्याव्यात, अशी माझी इच्छा होती. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती मुलाकडे बघून म्हणाली, "ऐकलंस? माझं डोकं ठिकानावर हाय."

"व्हय जिजी," अण्णा म्हणाले.

"मग आता मला उठव."

अण्णांनी एका बाजूनं धरलं, वहिनींनी दुसऱ्या बाजूनं. जिजीनं पाय खाली सोडले. जमिनीला टेकवले. सगळा जोर लावला, तोंड लाल झालं. पण पाय तिचे उरलेच नव्हते. कमरेपासून खाली नुसते थरथरत होते. दोघांच्या हातावर ती क्षणभर तरंगल्यासारखी झाली अन् परत खाटेवर बसली. रोज मैलभर चालणारी बाई.

कुणी रडलं नाही. जिजी आपल्या पायांकडे बघत बसली, ते दुसऱ्या कुणाचे असावेत तशी.

त्याच आठवड्यात मी ती न्हाणी फोडली. माझ्या हातानं लावलेली एकेक टाइल छिन्नीनं काढली. एकही पोकळ नव्हती, निघता निघत नव्हती. खरबरीत टाइल आणल्या, उतार नव्यानं काढला, दोन्ही भिंतींना दांडे बसवले, दार बाहेर उघडणारं केलं, बसायला एक कट्टा केला. पाणी ओतून ओल्या पायांनी चाललो. काम तीन दिवस चाललं, तेवढे दिवस घरातलं कुणी माझ्याशी कामापुरतंच बोललं. चहा मात्र वेळेवर येत होता.

मॅडम आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या. पहिला महिना जिजी नुसती खाटेच्या कडेवर बसून पाय हलवायची. मग वॉकर धरून उभी राहू लागली. मग दारापर्यंत. वहिनी मोजत बसायच्या अन् जिजी चिडायची, "मोजू नको, ध्यान जातं माझं."

मी दर बाजाराच्या दिवशी जायचो. कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्या दोन-तीन खेपा ती माझ्याशी बोललीच नाही. मग एकदा म्हणाली, "नुसता उभा कशाला राहतूस, धर." मी धरलं. तेव्हापासून तिला चौकातल्या पिंपळाच्या पारापर्यंत अन् परत घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या दंडावर. घरापासून पार दोनशे पावलं असेल. जायला-यायला आम्हाला पाऊण तास लागायचा.

एकदा पारावर बसल्यावर मी म्हणालो, "जिजी, मला माफ करा."

ती रस्त्यानं जाणाऱ्या शेळ्या बघत होती. "नऊ महिने मी वरचं छत बघत पडलेते," ती म्हणाली. "त्या महिन्यांत कापूस आला अन् गेला. ते कुठून आनून देशील?"

मी तिची काठी उचलून तिच्या हाताजवळ ठेवली.

"मग कशाला इचारतूस," ती म्हणाली. "चल, ऊठ. ऊन लागतंय."

मळ्यापर्यंत ती परत कधी चालू शकली नाही. अण्णा म्हणाले, जीपमधून नेतो. तर म्हणाली, "गाडीत बसून शेत बगायला मी पाव्हनी हाय का?" पण आंघोळ मात्र शेवटपर्यंत स्वतःची स्वतः केली, दार आतून लावून. परत कधी पडली नाही.

गावाला खरं काय ते माहीत नव्हतं. अण्णांनी कुणाला सांगितलं नाही, वहिनींनी नाही. जिजीनंच बजावलं होतं, "त्याचं काम जाईल. बायकापोरं हाईत." मला हे कळलं तेव्हा मी म्हणायला हवं होतं, सांगा खुशाल. मी म्हणालो नाही. उलट लोक मला पारावर जिजीबरोबर बघायचे अन् म्हणायचे, काय मिस्त्री आहे, सख्खी आई असल्यासारखं करतो. त्यातून मला कामं मिळाली. हे लिहिताना हात थांबतो, पण तसंच झालं.

तेव्हापासून काम घेताना मी पहिला प्रश्न विचारतो, घरात म्हातारं कोण आहे? न्हाणी कोण वापरणार, त्यांना बोलवा, मी त्यांच्याशीच बोलतो. न्हाणीत चकचकीत टाइल लावायला मी नाही म्हणतो. काही गिऱ्हाइकं निघून जातात. माझं वय आता सदुसष्ट. मॅडमनी सांगितलेली उठबस रोज सकाळी करतो, ओट्याला धरून टाचा वर करतो. बायको हसायची, आता तीही करते. यातलं काहीही मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. न्हाणीचं हे सगळं मला उस्तादांनी चाळीस वर्षं आधीच शिकवलेलं होतं.

जिजी गेल्या वर्षी गेली. ताप आला, चार दिवसांत गेली. तेराव्याला बंगल्यासमोर मांडव होता, पंचक्रोशीतली माणसं होती. बोलायला उभे राहिलेल्या एका पुढाऱ्यानं जिजीच्या कष्टाबद्दल सांगितलं अन् मग म्हणाला, "आन् आपल्या दत्ता मिस्त्रीचं नाव घेतल्याबिगर राहवत न्हाई. रक्ताचं नातं नसताना या मानसानं जिजीला चालतं केलं." लोकांनी वळून माझ्याकडे बघितलं. अण्णा पहिल्या ओळीत बसले होते. त्यांनीही मान वळवली अन् माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. ते मला वेळ देत होते, हे मला कळत होतं.

मी उभा राहिलो, हात जोडले अन् खाली बसलो.

म्हणून हे लिहिलं. छापायला देण्याआधी उमापूरला जाऊन अण्णांना वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. नाव घालू नको किंवा घाल, असं काही बोलले नाहीत. वाचून झालं, मी कागद घडी करून खिशात ठेवले, तेव्हा म्हणाले, "मिस्त्री, हे त्या दिवशी मांडवात बोलायला पायजे व्हतं. समदे व्हते."

"व्हय," मी म्हणालो.